थर्टलची डावी

"क्लेम, उजव्या नळीला पोलाद चालेल. डावीला मात्र भरवू नकोस. तिचं तोंड फार आवळलेलं आहे."

बंदुका दुरुस्त करणारा एडविन डॅक हे म्हणाला, तेव्हा मी त्याच्या टेबलावर कमरेत मोडून पडले होते. माझा मालक क्लेम नुसतं "हं" म्हणाला. क्लेमचं "हं" म्हणजे एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. मीही नाक मुरडलं. माझ्या डावीनं काय खावं हे आता डॅक ठरवणार?

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, मित्रांनो. नॉरफकमधल्या एका खेड्यात, क्लेमेंट थर्टलच्या घरी, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात मी राहते. कपाटाला कुलूप आहे. चावी कुठे असते हे क्लेमखेरीज कुणालाच ठाऊक नाही, आणि मी तुम्हालाही सांगणार नाही. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात हे असंच असलं पाहिजे.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. एकानं नळ्या घडवल्या, दुसऱ्यानं त्या शेजारी शेजारी जोडल्या, तिसऱ्यानं अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवून त्याला तेल पाजलं. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी मला परीक्षेला नेलं. तिथे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार भरून आम्हाला उडवून बघतात. जी फुटते ती भंगारात जाते, जी टिकते तिच्या अंगावर शिक्का बसतो. मी टिकले. तो शिक्का अजून माझ्या नळ्यांखाली आहे. मात्र ती परीक्षा शिशाच्या छऱ्यांची होती, पोलादाच्या नव्हे. हे मी पुढे सोयीनं विसरले.

माझ्या दोन नळ्या सारख्या नाहीत. उजवी तोंडाशी जवळजवळ सरळ आहे. डावी तोंडाशी आवळलेली होती. बागेला पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं ना, तसंच काहीसं. जवळच्या पक्ष्याला उजवी आणि लांबच्याला डावी, अशी आमची वाटणी.

मला विकत आणलं ते क्लेमच्या वडिलांनी, जेबेझ थर्टल यांनी. रानकबुतरांचा थवा वाटाण्याच्या शेतात उतरला की दुपारपर्यंत हिरव्या शेताचं टक्कल करून ठेवतो. म्हणून शेतकरी जेबेझला बोलावणं धाडत आणि जेबेझ मला खांद्यावर टाकून निघत. बांधाशी जाळीचा आडोसा करायचा, समोर लाकडाची रंगवलेली फसवी कबुतरं मांडायची आणि वाट बघायची. पाडलेलं कबूतर घरी यायचं, शिजायचं, पोटात जायचं. वाया काही जात नसे.

माझं नाव झालं ते डावीमुळे. दुसरा कुणी बंदूकसुद्धा उचलणार नाही इतकं उंच जाणारं कबूतर डावी खाली आणायची. गावच्या पबमध्ये म्हणत, "थर्टलच्या डावीसमोरून जायचं तर कबुतरानं आधी मृत्युपत्र करून यावं." जेबेझ गेले, मी क्लेमकडे आले, तरी ते बोलणं चालूच राहिलं. मला ते आवडायचं. कुणाला नाही आवडत?

मग क्लेमची बायको विनी आजारी पडली आणि मी कपाटातच राहिले. ती गेल्यावरही बराच काळ तिथेच होते. दस्ता कोरडा पडला, चापाजवळ गंजाचा ठिपका आला. क्लेम कधीतरी दार उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा लावून घ्यायचा. मला राग आला नाही. त्या दिवसांत तो जेवणाच्या ताटाकडेही तसाच बघायचा.

घर पुन्हा बोलू लागलं ते त्याची मुलगी ब्रायनी तिच्या लेकीला घेऊन राहायला आली तेव्हा. ब्रायनीचा नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, महिन्यातला निम्मा वेळ पाण्यावर. लेकीचं नाव हेटी. नुकतीच शाळेत जायला लागलेली. घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय काय येतं?" क्लेमनं जरा विचार केला आणि म्हणाला, "कबुतराचा स्ट्यू येतो."

तेव्हापासून रविवारचा स्ट्यू ठरून गेला. क्लेमनं आणलेली कबुतरं, कांदा, गाजर, आणि वर तरंगणारे मैद्याचे फुगलेले गोळे. हेटी इतर दिवशी जेवताना नखरे करायची. रविवारी मात्र वाडगा पुसून खायची. शाळेत तिनं सांगून ठेवलं होतं की माझे आजोबा जेवण आकाशातून काढतात. हे ऐकल्यावर क्लेमनं माझा गंज काढला, दस्त्याला तेल लावलं आणि कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

एका रविवारी हेटी खाता खाता थांबली. "आजोबा, माझ्या गोळ्यात खडा!"

"खडा नाही, बक्षीस आहे ते," क्लेम म्हणाला. "ज्याला छरा मिळेल त्यानं भांडी घासायची नाहीत. थर्टलांच्या घरचा कायदा आहे."

ब्रायनीनं तो छरा तळहातावर घेतला. मी शेजारच्या खोलीत, पुसायला काढलेली, टेबलावर होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, हे शिसं आहे."

"मग काय सोनं असणार? मी जन्मभर खाल्लंय."

"म्हणूनच विचारतेय."

"आगाऊपणा आईकडून आलाय तुझ्यात."

"बाबा, थट्टा नाही. छरा काढून टाकता येतो. पण मांसातून जाताना शिशाचा चुरा मागे राहतो, तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. वाढत्या मुलांच्या मेंदूला ते वाईट. तुमचं वाढायचं संपलंय, हिचं चाललंय. तुम्ही पोलादाची काडतुसं आणा, नाहीतर हिच्या ताटात कबूतर नको."

हेटीनं क्लेमकडे बघितलं, मग आईकडे, आणि वाडगा दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला. क्लेमचं सगळं त्या वाडग्यात अडकलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. तो वाडगा गेला की त्याच्याकडे पुन्हा माझ्याकडे नुसतं बघत बसणंच उरणार होतं.

दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन डॅककडे गेला. "पोलादानं कबूतर मरत नाही," तिथे पोचताच त्यानं सुरू केलं. "त्याला नुसत्या गुदगुल्या होतात."

"लांबून मारलंस तर होणारच," डॅक म्हणाला. "पोलाद हलकं. छरा दोन नंबर मोठा घे आणि पक्ष्याला जवळ येऊ दे. आणि डोळ्यांवर चष्मा लाव. पोलाद दगडावर आपटलं की उलट येतं."

मग त्यानं माझ्या तोंडात माप घालून बघितलं आणि ते डावीचं सांगितलं. शिसं मऊ असतं, मित्रांनो. आवळलेल्या तोंडातून जाताना ते थोडं चेपतं आणि निघून जातं. पोलाद अंग चोरत नाही. ते पुढे जायचं तर नळीलाच जागा करून द्यावी लागते.

"डावीचं तोंड आतून खरवडून मोकळं करून देतो," डॅक म्हणाला. "मग दोन्हीकडे पोलाद भर."

"डावीला हात लावायचा नाही. ती माझ्या वडिलांची आहे."

"अरे, मग उजवी कुणाची आहे?"

क्लेमनं आपलाच तोडगा काढला. उजव्या नळीत पोलाद, डावीत शिसं. कोटाच्या उजव्या खिशात पोलादाची काडतुसं, डाव्यात शिशाची. उजवीनं पाडलेली कबुतरं एका पिशवीत, ती हेटीची. डावीनं पाडलेली दुसऱ्या पिशवीत, ती त्याची एकट्याची.

"माझं वाढायचं संपलंय ना," तो ब्रायनीला म्हणाला. "मग मला खाऊ दे."

"बाबा, दोन्ही काडतुसं लाल आहेत."

"वर लिहिलेलं असतं."

"ती अक्षरं मुंगीएवढी आहेत. माझ्या चाळिशीतल्या मैत्रिणींना वाचता येत नाहीत, तुम्ही वाचणार? डोळे तपासून या बरं एकदा. परवा तुम्ही हेटीच्या लापशीत साखरेऐवजी मीठ घातलंत."

"स्कॉटलंडमध्ये मीठच घालतात."

ब्रायनीला हसू आलं. तिला हसू आलं आणि तो विषय तिथेच राहिला. मला पुष्कळदा तो क्षण आठवतो. ती फार दक्ष मुलगी. जिन्याच्या पायऱ्या मोजून चढते, दूध हुंगून देते, हेटीला ताप नसताना कपाळाला हात लावून बघते. पण बापानं हसवलं की तीही मूल होते.

मग जुलै आला. जवाचं पीक वाऱ्यानं आडवं झालं होतं आणि आडव्या पिकावर कबुतरं नुसती कोसळत होती. शेताच्या मालकानं, रॉजर गुडरमनं, सकाळीच फोन केला. "क्लेम, लवकर ये. मला कापायला काही ठेवतात की नाही कोण जाणे."

आम्ही गेलो. आडोसा उभा केला, फसवी कबुतरं मांडली. क्लेमला बांध ओलांडताना जरा चाचपडावं लागलं, पण तो म्हातारा आहे, असं मी समजले. ऊन चढलं. आडोशात वारा नव्हता. क्लेमनं कोट काढला आणि समोरच्या खांबाला टांगला, आपल्याकडे तोंड करून, म्हणजे खिसे हाताशी राहतील.

मित्रांनो, तुम्ही आपला कोट खुंटीला असा टांगून बघा. अंगात असताना जो खिसा उजवीकडे असतो, तो टांगल्यावर तुमच्या डाव्या हाताला येतो.

क्लेमच्या हे लक्षात आलं नाही. उजवा हात उजवीकडच्या खिशात, डावा डावीकडच्या, जन्मभराची सवय. काडतुसावरची अक्षरं बघितली असती तर पहिल्याच वेळी कळलं असतं. त्यानं बघितली नाहीत. तो काडतूस नुसतं चाचपून आत सारत होता.

डावीतून पहिला बार निघाला तेव्हा मला काहीतरी वेगळं जाणवलं. तोंडाशी एक कडक ओढ. उन्हामुळे असेल, मी स्वतःला सांगितलं. दुसरा बार, तिसरा बार, तीच ओढ, दर वेळी थोडी जास्त. मी ओरडू शकत नाही. पण खरं सांगायचं तर ओरडता आलं असतं तरी मी ओरडले नसते. लांबची कबुतरं पडत होती आणि क्लेम शीळ घालत होता.

तिन्हीसांजेला आम्ही घरी आलो. क्लेमनं एक पिशवी ब्रायनीच्या हातात दिली. "ही हेटीची. सगळी पोलादाची." दुसरी त्यानं आपल्या फ्रीजरच्या खणात टाकली. एरवी तो घरी आल्याबरोबर मला पुसतो. त्या दिवशी दमला होता. मला तसंच कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. स्वयंपाकघरात स्ट्यूला उकळी फुटली होती. क्लेमनं मला शेजारच्या खोलीत टेबलावर घेतलं, आतून ब्रश फिरवला आणि तेलाचं फडकं घेऊन बाहेरून पुसू लागला. डावीच्या तोंडाजवळ येताच त्याचा अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला.

तिथे नळीभोवती एक कडी उठली होती. बारीक, गोल, बोटात अंगठी घालावी तशी.

क्लेमनं मला खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. डोळे बारीक केले, मोठे केले. त्याला दिसलं नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि अंगठ्यानं पुन्हा बघितलं. अंगठ्याला दिसलं. डावीनं पोलाद खाल्लं होतं. मग उजवीनं काय खाल्लं? आणि उजवीनं पाडलेली कबुतरं कुठे होती?

"आजोबा, गोळे फुगले!" हेटी आतून ओरडली. "या ना लवकर! मी पहिला चमचा फुंकतेय!"

तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. ती कडी त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होती. रविवार पार पडला असता, वाडगा पुसला गेला असता. पुढच्या वेळी त्यानं कोट नीट टांगला असता. एवढं सगळं तो त्या एका श्वासात मनात आणून गेला असणार, कारण त्याची माझ्यावरची पकड एकदा घट्ट झाली आणि सैल झाली.

मग तो मला तशीच उघडी, रिकामी हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरला.

"बाबा! जेवणाच्या टेबलाजवळ बंदूक?"

"तिला चमचा खाली ठेवायला सांग."

"काय?"

"हेटी, चमचा खाली ठेव. खाऊ नकोस. राणी माझी, खाली ठेव."

हेटीनं चमचा ठेवला. तिच्या ओठाला काही लागलं नव्हतं. ब्रायनीनं तरी तिचं तोंड उघडून आत बघितलं, आणि वाडगा उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. मगच ती बापाकडे वळली.

"सांगा."

"ती शिशाची आहेत. मी कोट उलटा टांगला. खिसे बदलले."

"काडतुसावर लिहिलेलं असतं, म्हणाला होतात."

"असतं."

"मग?"

क्लेमनं मला ओट्याच्या कडेला टेकवलं. हात पुसले. पुन्हा पुसले.

"मला ते दिसत नाही, ब्रायनी. बरेच दिवस झाले. उजेडात कबुतराचा काळा आकार दिसतो, तेवढ्यावर चाललंय. हातातलं सगळं धुरात असल्यासारखं."

मला वाटलं, आता ब्रायनी रागावेल. ती रागावलीच असती, पण तिचं लक्ष मिठाच्या बरणीकडे गेलं. तिनं ती उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"म्हणजे स्कॉटलंड नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"गोळे पण नाही खायचे?" हेटीनं विचारलं.

"गोळे पण नाही."

मग हेटी रडली. तिला टोस्टवर बीन्स मिळाले. क्लेमनंही तेच खाल्लं. आपल्या खणातली पिशवी त्यानं स्वतःहून बाहेर काढली आणि स्ट्यूबरोबर टाकून दिली. कोणतं कुठलं, याची खात्री आता त्याला राहिली नव्हती.

त्यानंतर मी पुन्हा कपाटात गेले. ब्रायनी क्लेमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली; डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत बंदुकीला हात लावणार नाही, असं त्यानं त्यांना आपणहून सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचं झालं, मग दुसऱ्याचं. पहिली पट्टी निघाल्यावर त्यानं हेटीला जवळ बोलावून म्हटलं, "अगं, तुझ्या नाकावर एवढे ठिपके कधी आले?" हेटी म्हणाली, "पहिल्यापासूनच आहेत, आजोबा." हे ब्रायनी फोनवर नवऱ्याला सांगत होती. सांगून झाल्यावर तिनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मधल्या काळात डॅकनं मला नेलं. कडीवरून बोट फिरवलं. "सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला. त्यानं कडी ठोकून बसवली, डावीचं तोंड आतून मोकळं केलं आणि मला पुन्हा त्या परीक्षेला धाडलं. म्हातारपणी परीक्षा देणं काही सोपं नाही, मित्रांनो. पण मी टिकले. नवा शिक्का घेऊन आले. आता माझ्या दोन्ही नळ्यांत साधं पोलादाचं काडतूस चालतं. क्लेमनं शिशाचा उरलेला डबा डॅकच्याच टेबलावर सोडला.

थर्टलची डावी आता राहिली नाही. लांबची कबुतरं आम्ही सोडून देतो. पबमध्ये रॉजरनं क्लेमला छेडलंच. "काय रे, कबुतरांनी मृत्युपत्रं करायचं बंद केलं म्हणे?"

"उंच जाणाऱ्यांनी," क्लेम म्हणाला. "जवळून जाणाऱ्यांनी अजून करावं."

परवाच्या रविवारी हेटीला पुन्हा छरा सापडला. तिनं तो धुतला, फ्रीजवरच्या मासोळीच्या चुंबकाला लावला, आणि तो टपकन चिकटला. "पोलाद!" ती ओरडली. आता घरचा कायदा असा आहे की आधी चुंबकाची परीक्षा, मग भांड्यांची सुट्टी. क्लेमनं भांडी घासली. मी शेजारच्या खोलीत, पुसून तेल लावून, कुलपात जायची वाट बघत होते.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं माझ्यासारखीनं शेवटी म्हणायचं असतं. घ्याच. पुसा, तेल लावा, जाणत्याला दाखवा, आणि त्यानं सांगितलेलं ऐका. पण माझं काही बिघडलं तर माझ्या अंगावर कडी उठते, अंगठ्याला कळते. माणसाच्या अंगावर तशी कडी उठत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं म्हातारं माणूस असेल, "मला नीट दिसतंय" म्हणणारं. आज त्याच्याकडे जा. औषधाची बाटली त्याच्या हातात द्या आणि म्हणा, यावरचं बारीक अक्षर मला वाचून दाखवा ना. त्यानं त्यावर काही गमतीदार उत्तर दिलं, तर हसा. पण हसून निघून येऊ नका. त्यानं वाचेपर्यंत तिथेच थांबा.